१०९५-सी, डब्ल्यू-२ मधला 'डीडी' आणि कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स: टॅक्स भरताना या कागदांचं करायचं काय?

टेक्सासचं ऊन

नमस्कार मंडळी,

डलासला असतो. मी एच-१ वर, बायको एच-४ वर, मुलगी चार वर्षांची. आत्तापर्यंत टॅक्सचं सगळं एक सीपीए (इथले सीए) बघायचे, यंदा म्हटलं स्वतः करून बघू. आणि पहिल्याच संध्याकाळी अडकलोय.

२०२५ मध्ये नोकरी बदलली. पहिली कंपनी ३१ जुलैला सोडली, दुसरीकडे ११ ऑगस्टला रुजू झालो. नव्या कंपनीचा इन्शुरन्स १ सप्टेंबरपासून लागला. त्यामुळे आता हातात दोन डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचे आणि कापलेल्या टॅक्सचे दाखले) आहेत.

पहिल्या डब्ल्यू-२ वर बॉक्स १२ मध्ये 'डीडी १४,३८५'. दुसऱ्यावर 'डीडी ७,८४०' आणि 'डब्ल्यू १,६००'. शिवाय पहिल्या कंपनीकडून १०९५-सी नावाचा एक कागद आलाय. त्यात बारा महिन्यांचे रकाने, ओळ १४ वर जुलैपर्यंत '१ई', पुढे '१एच'. ओळ १५ वर जुलैपर्यंत ११८.४०. ओळ १६ वर '२सी' आणि मग '२ए'.

प्रश्न असे:
डीडीचे हे बावीस हजार माझ्या उत्पन्नात धरायचे का? माझ्या पगारातून तर पंधरवड्याला २३० डॉलरच कापले जायचे. ११८.४० हा आकडा कुठून आला? मी तो कधीच भरलेला नाही. १०९५-सी रिटर्नमध्ये कुठे भरायचा? दुसऱ्या कंपनीने तो पाठवलेलाच नाही, मग थांबू का? आणि बायकोकडे आयटीआयएन (नुसता टॅक्ससाठीचा नंबर) आहे, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, पण कागदावर तिच्या नावापुढे नुसती जन्मतारीख आहे. हे चालतं का?

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

पिंपळपान

रुमाल टाकून ठेवतोय. माझ्याकडेही हाच कागद आहे, गेली काही वर्षं न उघडता फाइलला लावतोय.

अण्णा हार्टफर्डकर

ऊन (काय हाक मारावी तेच कळेना), नोकरीतली बरीच वर्षं पगार आणि बेनिफिट्सच्या खात्यात गेली. हे फॉर्म भरणाऱ्यांच्या बाजूला बसायचो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डीडी. ते तुमचं उत्पन्न नाही, कुठेही मिळवू नका. तुम्ही भरलेला हप्ता आणि कंपनीने भरलेला हप्ता, दोन्ही मिळून विम्याची जी एकूण किंमत होते ती तिथे फक्त माहितीसाठी छापतात. सात महिन्यांचे १४,३८५ म्हणजे महिन्याला २,०५५. पंधरवड्याला २३०, वर्षाचे २६ पगार, म्हणजे तुमचा वाटा महिन्याला ४९८ च्या आसपास. उरलेले साधारण साडेपंधराशे कंपनी भरत होती आणि त्यावर तुम्हाला एक सेंटही टॅक्स नाही.

तुमचे ४९८ सुद्धा बहुतेक टॅक्सच्या आधीच कापले गेलेत. शेवटचा पे-स्टब काढा. त्यात 'प्री-टॅक्स मेडिकल' असं असेल तर बॉक्स १, ३ आणि ५ मधले करपात्र पगाराचे आकडे हप्ता वजा होऊनच आलेत. म्हणून तोच हप्ता पुन्हा शेड्यूल ए वर (खर्चांची वजावट मागायच्या फॉर्मवर) वैद्यकीय खर्च म्हणून दाखवायचा नाही. डीडीचा आकडा पाहून लोक नेमकं हेच करायला जातात.

डीडी छापायची पद्धत २०१२ च्या डब्ल्यू-२ पासून आली, ओबामाकेअर या आरोग्यविम्याच्या कायद्यामुळे. आदल्या वर्षी २५० पेक्षा कमी डब्ल्यू-२ देणाऱ्या कंपन्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे छोट्या कन्सल्टन्सीत असाल आणि डीडी दिसला नाही, तर घाबरू नका.

आता १०९५-सी. पूर्णवेळ माणसं ५० किंवा जास्त असली (अर्धवेळवाल्यांचे तासही हिशेबात धरून), की त्या कंपनीने पूर्णवेळ लोकांना परवडेल असा विमा देऊ करायचा, नाहीतर दंड भरायचा असा कायदा आहे. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३० तास. १०९५-सी म्हणजे कंपनीने आयआरएसला, म्हणजे केंद्राच्या कर खात्याला, दिलेला त्याचा महिनावार हिशेब, एक प्रत आपल्याला. तो डोक्यात ठेवून वाचलात की सगळे कोड सुटतात.

ओळ १४: कंपनीने काय देऊ केलं. १ई म्हणजे तुम्हाला, जोडीदाराला आणि मुलांना, तिघांनाही. १एच म्हणजे काहीच नाही.

ओळ १५: तुम्ही काय भरलं ते इथे नसतं! कंपनीच्या किमान दर्जाच्या प्लॅन्सपैकी सगळ्यात स्वस्त प्लॅन एकट्या कर्मचाऱ्याने घेतला असता, तर त्याला महिन्याला किती पडले असते, तो आकडा. तुम्ही महागडा फॅमिली प्लॅन घेतलात तरी इथे ११८.४० च येणार.

ओळ १६: कंपनीला दंड का लागू नये याचं कारण. २सी म्हणजे कर्मचाऱ्याने विमा घेतला होता, २ए म्हणजे त्या महिन्यात तो आमच्याकडे नोकरीतच नव्हता. दुसऱ्या कंपनीचा कागद येईल तेव्हा ऑगस्टच्या रकान्यात १एच आणि २डी दिसेल. २डी म्हणजे विमा लागू होण्याआधीचा प्रतीक्षाकाळ.

जन्मतारखेचं म्हणाल तर चालतं. एसएसएन किंवा दुसरा टॅक्स नंबर कंपनीकडे नसेल तर जन्मतारीख लिहायची मुभा आहे. एचआरला आयटीआयएन कळवून ठेवा, पुढच्या वर्षी तो येईल. तिसऱ्या भागात कुटुंबाची नावं आहेत म्हणजे तुमची जुनी कंपनी स्वतःच्या खिशातून क्लेम भरणारी, सेल्फ-इन्शुअर्ड आहे. नसती तर तो भाग कोरा असता आणि नावांचा कागद, म्हणजे १०९५-बी, विमा कंपनीकडचा असता.

आणि थांबायची अजिबात गरज नाही. १०९५-सी मधला एकही आकडा १०४० वर, म्हणजे केंद्राच्या रिटर्नवर, जात नाही. २०१८ पर्यंत १०४० वर 'वर्षभर विमा होता' अशी एक चौकट असायची, २०१९ पासून विमा नसलेल्या माणसाला लागणारा केंद्राचा दंड शून्य झाला आणि चौकटही गेली. कागद फाइलला लावा, रिटर्न भरून टाका.

वऱ्हाडी ह्यूस्टन

हो बाप्पा! एवढे कोड तर आमच्या आरटीओच्या एजंटालाही येत नाहीत. अण्णा, दंडवत.

मुक्तछंद बे एरिया

अण्णांचा प्रतिसाद टेक्सासपुरता शंभर टक्के बरोबर. पण "फाइलला लावा आणि विसरा" हे इथे कॅलिफोर्नियात कोणी करू नका.

केंद्राने दंड काढला तरी काही राज्यांनी आपापला ठेवलाय: कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, शिवाय डीसी. कॅलिफोर्नियाच्या रिटर्नवर, म्हणजे ५४० फॉर्मवर, 'वर्षभर सगळ्यांना विमा होता' अशी चौकट आहे. ती टिक करायची राहिली की राज्याचं पत्र येतं. नोकरी बदलताना पडलेली फट सलग तीन महिने किंवा कमी असेल तर सूट मिळते, पण त्यासाठी ३८५३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. आपोआप काही होत नाही. २०२४ सालासाठी पूर्ण वर्षाचा दंड मोठ्या माणसाला किमान ९०० डॉलर आणि मुलाला ४५० होता. उत्पन्न जास्त असेल तर टक्केवारीने आणखी वाढतो.

दुसरं, धागाकर्त्याने 'डब्ल्यू १,६००' लिहिलंय त्याकडे कोणी पाहिलंच नाही. तो एचएसए आहे, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीचं करसवलतीचं बचत खातं. केंद्राच्या रिटर्नला फॉर्म ८८८९ जोडावाच लागेल, पैसे काढले नसले तरी. १,६०० मध्ये कंपनीचे आणि तुमच्या पगारातून गेलेले, दोन्ही आले, तेव्हा ते 'मी स्वतः भरले' या ओळीत पुन्हा टाकू नका, दुप्पट वजावट होईल.

आणि कॅलिफोर्निया एचएसए मानतच नाही. त्यामुळे आमच्या डब्ल्यू-२ वर बॉक्स १६ चा (राज्यासाठी करपात्र पगाराचा) आकडा बॉक्स १ पेक्षा मोठा दिसतो. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्सच नाही, सुखी आहात.

एडिसनची काकू

मुक्तछंद +१. न्यू जर्सीत तर त्याहून मजा. इथे राज्य एचएसएही मानत नाही आणि पगारातून प्री-टॅक्स कापलेला हप्ताही साधारणपणे वजा होऊ देत नाही, म्हणून बॉक्स १६ फुगलेला असतो. आमच्या ह्यांनी एकदा पेरोलवाल्यांना फोन करून त्यावरून भांडण काढलं होतं. पेरोल बरोबर होतं.

मात्र त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. राज्यासाठी तो हप्ता टॅक्स भरलेल्या पैशातून गेला असं धरतात, म्हणून न्यू जर्सीच्या वैद्यकीय खर्चात तो दाखवता येतो. उत्पन्नाच्या २ टक्क्यांवरचा खर्च वजा होतो. केंद्राला ७.५ टक्क्यांची अट आहे, तिथे आपल्यासारख्यांचं काही जमत नाही, पण २ टक्के दोन बाळंतपणं आणि एक रूट कॅनाल असलेल्या वर्षात सहज ओलांडले जातात.

विमा होता की नाही हे सांगायला एनजे-एचसीसी नावाचं शेड्यूल आहे, तेही विसरू नका.

चार्ल्सकाठचा

बॉस्टनकरांसाठी: आपला कागद वेगळा. एमए १०९९-एचसी. राज्याच्या रिटर्नमधलं शेड्यूल एचसी त्यावरून भरायचं. केंद्राच्या १०९५-सी वरून भरायला बसू नका, हवी ती माहिती त्यात नाहीच. इथली सक्ती ओबामाकेअरच्याही आधीची, २००७ पासूनची आहे.

टेक्सासचं ऊन

अण्णा, मुक्तछंद, काकू, मनापासून आभार! पे-स्टब पाहिला, प्री-टॅक्सच आहे. ८८८९ बद्दल मला काहीच माहिती नव्हती. एचएसए फक्त सप्टेंबर ते डिसेंबर होतं, मग मर्यादा वर्षाची धरायची की चार महिन्यांची?

मुक्तछंद बे एरिया

२०२५ ची फॅमिली मर्यादा ८,५५०. चार महिन्यांच्या हिशेबाने २,८५०. तुमचे १,६०० त्याच्या आतच आहेत, विषय मिटला. १ डिसेंबरला पात्र असाल तर पूर्ण ८,५५० भरायची सवलत आहे, पण मग पुढचं अख्खं वर्ष एचएसएला चालणाराच प्लॅन ठेवावा लागतो, नाहीतर जादाचे पैसे उत्पन्नात येतात आणि वर १० टक्के. नव्या नोकरीत त्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

कोरा कागद

थोडा वेगळा प्रश्न, पण इथेच विचारते. नवऱ्याची कंपनी छोटीशी नाही, १०९५-सी देते, पण फॅमिली प्लॅनचा हप्ता भयंकर आहे. कंपनी फक्त कर्मचाऱ्याच्या हप्त्याला हातभार लावते, बायकामुलांचा सगळा भार आपल्यावर. त्यामुळे तो कंपनीच्या विम्यात, मी आणि मुलं मार्केटप्लेसच्या, म्हणजे ओबामाकेअरच्या सरकारी विमाबाजारातल्या. आम्हाला त्या विम्याचा कागद, १०९५-ए, आलाय. घराचं उत्पन्न ७०,००० च्या आसपास. ओळखीतले एक जण म्हणाले, "नवऱ्याच्या कंपनीने तुम्हाला विमा देऊ केला होता, १ई लिहिलंय बघा, सगळी सबसिडी परत करावी लागणार." तेव्हापासून झोप उडालीय.

अण्णा हार्टफर्डकर

ताई, शांतपणे वाचा. तुमचे ओळखीचे २०२२ पर्यंतचा नियम सांगतायत.

पूर्वी असं होतं की एकट्या कर्मचाऱ्याचा स्वस्त हप्ता 'परवडणारा' ठरला की सबंध कुटुंबाला तो परवडतो असं मानायचे. म्हणजे ओळ १५ वर १२० डॉलर असतील तर बायकामुलांसाठी महिना १,२०० मागितले तरी कायद्याच्या लेखी परवडतंय! याला इथे 'फॅमिली ग्लिच' म्हणायचे. मी खात्यात असताना लोक येऊन तक्रार करायचे आणि आमच्याकडे उत्तर नसायचं. २०२३ पासून नियम बदलला. आता कर्मचाऱ्यासाठी त्याचा एकट्याचा हप्ता पाहतात आणि कुटुंबासाठी कुटुंबाचा.

२०२५ साठी 'परवडणारा' ठरायची मर्यादा उत्पन्नाच्या ९.०२ टक्के. तुमच्या ७०,००० वर वर्षाचे ६,३१४, म्हणजे महिन्याला ५२६ च्या आसपास. कंपनीचा सगळ्यांना धरणारा सगळ्यात स्वस्त प्लॅन ५२६ पेक्षा महाग असेल, तर तुम्ही आणि मुलं क्रेडिटला (म्हणजे त्या सबसिडीला) पात्र ठरू शकता. नवरा मात्र नाही, कारण त्याचा स्वतःचा हप्ता परवडणाऱ्यात बसतो.

गोची एवढीच की कुटुंबाचा हा आकडा १०९५-सी वर कुठेच छापलेला नसतो. एचआरला ईमेल करून २०२५ चं प्लॅनचं दरपत्रक मागवा आणि जपून ठेवा. १०९५-ए आला म्हणजे फॉर्म ८९६२ भरणं सक्तीचं आहे. हा एक कागद मात्र फाइलला लावून विसरायचा नाही. आधीच मिळालेली सबसिडी आणि प्रत्यक्ष उत्पन्नावरून बसणारी सबसिडी यांचा मेळ तिथे घालतात.

आणि २०२६ चं उत्पन्न मार्केटप्लेसला कळवताना कंजुषी करू नका. आत्तापर्यंत उत्पन्न एका पातळीच्या आत असेल तर परतफेडीला कमाल मर्यादा असायची. २०२६ सालापासून ती काढून टाकलीय, जादा मिळालेलं सगळं परत.

कोरा कागद

अण्णा, तुम्हाला काय सांगू! त्यांचा फॅमिली दर ११०० च्या वर आहे हे मला पक्कं आठवतंय. उद्याच ईमेल करायला लावते.

पिंपळपान

माझ्या जुन्या कंपनीने यंदा १०९५-सी पाठवलाच नाही. विचारलं तर म्हणे "वेबसाइटवर सूचना आहे". हा काय प्रकार?

मुक्तछंद बे एरिया

नियमात बसतं. डिसेंबर २०२४ मध्ये कायदा झाला. कंपनीने वेबसाइटवर ठळक सूचना लावली तर प्रत्येकाला आपणहून कागद पाठवायची सक्ती नाही, मागेल त्याला द्यायचा. मागितल्यापासून ३० दिवसांत किंवा ३१ जानेवारीपर्यंत, जे नंतर येईल ते. आयआरएसकडे मात्र त्यांनी तो भरायचाच असतो. मार्केटप्लेसचा संबंध नसेल आणि राज्य विचारत नसेल तर मागायच्याही फंदात पडू नका. कॅलिफोर्नियातल्यांनी मागून ठेवा.

नागमोडी वाट

मागितला आणि चुकीचा आला तर? माझ्या फॉर्मवर धाकट्या मुलाचं नावच नाही. तो मार्चमध्ये जन्मला, तिसाव्या दिवसाच्या आत प्लॅनमध्ये घातला, क्लेमही पास झाले. एचआर म्हणतं पेरोल कंपनीला विचारा, पेरोल म्हणतं एचआरला विचारा. आम्ही आपले टेनिसचा चेंडू.

अण्णा हार्टफर्डकर

फॉर्मवर वरच्या कोपऱ्यात कंपनीच्या नावाजवळ एक फोन नंबर छापलेला असतो, ओळ १० वर. तो द्यावाच लागतो आणि तो या फॉर्मबद्दल उत्तर देणाऱ्याचाच असायला हवा. तिथे फोन करा, आणि लेखी 'करेक्टेड फॉर्म' मागा. ईमेलमध्ये मुलाची जन्मतारीख आणि विमा लागू झाल्याची तारीख द्या. त्यासाठी रिटर्न अडवून ठेवू नका, आणि भरून झालं असेल तर फक्त एवढ्यासाठी दुरुस्त रिटर्नही भरायची गरज नाही. राज्याचा दंड असलेल्या ठिकाणी असाल तर विमा कार्ड आणि एखादी क्लेमची पावती जवळ असू द्या, ती पुरावा म्हणून चालते.

एडिसनची काकू

सासूबाई सहा महिने येऊन राहतात त्यांचं नाव या फॉर्मवर यायला हवं का? मागच्या आठवड्यात मंडळाच्या हळदीकुंकवात यावरून अर्धा तास चर्चा झाली.

चार्ल्सकाठचा

नाही हो काकू. व्हिजिटर व्हिसावरच्या आईवडिलांना कंपन्या आपल्या विम्यात घेत नाहीत, त्यांचा प्रवास विमा वेगळा. तो ओबामाकेअरच्या व्याख्येत बसत नाही, पण पाहुणे इथले रहिवासी नसल्याने दंडाचाही प्रश्न येत नाही. ग्रीन कार्डवर कायमचे आले तर चित्र बदलतं. ६५ पूर्ण झाली तरी मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) विकत घ्यायला आधी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं, तोवर बहुतेकांना मार्केटप्लेसच. तेव्हा १०९५-ए येणार.

सिंहगड रोड

पुण्यातून वाचतोय. तुमच्या बावीस हजार डॉलरचं ऐकून घाम फुटला. आमच्याकडे कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचा हप्ता पगारातली सुखसुविधा म्हणून धरत नाहीत, म्हणून तो करपात्र नसतो. पण पगारातून कापून आईवडिलांसाठी जी टॉप-अप घेतो, तो हप्ता जुन्या करप्रणालीत ८०डी मध्ये दाखवता येतो, ज्येष्ठ असतील तर ५०,००० रुपयांपर्यंत. आमच्या ऑफिसात निम्मे लोक कंपनीने भरलेला भागही त्यात घालतात, तो चालत नाही. आणि नव्या प्रणालीत ८०डीच नाही.

वऱ्हाडी ह्यूस्टन

एक बावळट प्रश्न. मुळात इथे विमा नोकरीला का बांधून ठेवलाय? नोकरी गेली की औषधही गेलं?

अण्णा हार्टफर्डकर

बावळट कसला, मुळावरच बोट ठेवलंत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर लगाम घातला. माणसं तर हवी होती, मग कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या, कारण तो त्या लगामातून मोकळा होता. १९५४ च्या करकायद्याने कंपनीचा हप्ता करमुक्त असल्याचं पक्कं केलं. मग कोण सोडतो? डीडी कोडमध्ये दिसते ती त्याच सवलतीची किंमत. मला विचाराल तर त्या कागदावरचा सगळ्यात कामाचा आकडा तोच. पगाराची बोलणी करताना दोन कंपन्यांचे डीडी शेजारी ठेवून बघा.

नोकरी गेल्यावरचं म्हणाल तर कोब्रा असतो, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा स्वतः हप्ता भरून चालू ठेवायची सोय. धागाकर्त्याचा ऑगस्ट बिनविम्याचा गेला, पण कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला किमान ६० दिवस मिळतात आणि घेतला तर मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे ऑगस्टमध्ये मुलीचा हात मोडला असता तरी नंतर हप्ता भरून तो महिना विम्यात आणता आला असता.

टेक्सासचं ऊन

हे आधी माहीत असतं तर तो महिना मुलीला सायकल चालवू दिली असती! ८८८९ भरला. शेवटची एक शंका: बायकोला आता वर्क परमिट मिळालाय, तिच्या नव्या कंपनीत एफएसए (वैद्यकीय खर्चासाठी पगारातून प्री-टॅक्स पैसे बाजूला ठेवायचं खातं) आहे. घ्यावा का?

मुक्तछंद बे एरिया

थांबा! तिने साधा हेल्थ एफएसए घेतला तर त्यातून तुमचाही खर्च भरता येतो, म्हणून तुमचं एचएसए भरण्याची पात्रता जाते, तुम्ही तो वापरला नाहीत तरी. फक्त दात आणि डोळ्यांपुरता 'लिमिटेड पर्पज' असेल तर चालेल. फॉर्मवर सही करायच्या आधी तिच्या एचआरला नेमका हाच शब्द विचारा.